काचेच्या पट्टीला तोंड नसतं

माझं लिव्हर पुण्यात एका काचेच्या पट्टीवर जगतंय, असं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "त्याला खायला काय घालता?"

पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या. ईशानी नाखरे त्यांचं नाव. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, पायात पुरुषी बूट. म्हणाल्या, "साखर, मीठ आणि थोडं पोषण घातलेलं पाणी, अक्का."

"म्हणजे सलाईन. मी इथं ज्वारीची भाकरी नि लसणाचा ठेचा खाते, आणि माझं लिव्हर तिथं सलाईनवर. मग ते माझं कसं?"

भोवतीच्या बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. उत्तर नसलं की शिकलेली माणसं लिहून घेतात. तो प्रश्न बरोबरच होता, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. फक्त त्याचं उत्तर माझ्याच कमरेला खोचलेलं होतं.

मी कस्तुरा बिराजदार. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी, कारण मास्तरच अर्धा दिवस यायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या चिंचकुंभे गावात माझं कडक भाकरीचं केंद्र आहे. सव्वीस बाया. चुली विजेच्या झाल्या, पण भाकरी अजून हातानं थापलेली. थापायचं यंत्र दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं. यंत्राची भाकरी गोल येते, पण तिला पापुद्रा सुटत नाही. आमची भाकरी महिनाभर टिकते नि मोडली की पापडासारखी वाजते.

भाकरी टिकली, हात टिकले नाहीत. थापणं आधीच सुटलं होतं. सन दोन हजार एक्केचाळीसच्या हिवाळ्यात माझी बोटं अशी वळली की सकाळी लुगड्याच्या निऱ्या काढायला सून बोलवावी लागायची. संधिवात. केंद्रातल्या आणखी दहाजणींना तोच. त्याच साली ही नवी गोळी आली. आधी उंदरांना दिली, मग काचेच्या पट्टीला, मग आम्हाला. आमचा नंबर उंदरामागून, हे मी तिथल्या तिथं बोलून घेतलं.

पट्टीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. दंडाची कातडी ज्वारीच्या दाण्याएवढी काढून नेतात. त्या कातडीच्या पेशींना औषधं देऊन उलट्या पावलानं लहान करतात, आईच्या पोटात होत्या तेवढ्या कोवळ्या. मग त्यांना शिकवतात, आता तुम्ही लिव्हर व्हा. काडेपेटीएवढ्या काचेच्या पट्टीत केसासारख्या नळ्या कोरलेल्या असतात. त्यातून ते सलाईन फिरतं आणि पेशी जगतात, काम करतात. प्रत्येक बाईची पट्टी वेगळी. गोळी आधी तुमच्या पट्टीला पाजायची. पट्टी जगली तर तुम्हाला.

"म्हणजे तुमच्या वाट्याचं मरण पट्टी मरते," नाखरेबाई म्हणाल्या.

"आणि पट्टीच खोटं बोलली तर?"

"पट्टी खोटं बोलत नाही, अक्का."

मला कधी खोटं न बोलणाऱ्याचा फार संशय येतो.

---

माझी सून शिवलीला नर्सिंग शिकलेली. गावातल्या अकराजणींची माहिती घ्यायची, कागद भरायचे, गोळ्या द्यायच्या, हे काम तिच्याकडं आलं. पोरगी हुशार. बोलते कमी, बघते जास्त, आणि मला तेच खुपतं.

कागद भरायच्या दिवशी ती केंद्रात आली. म्हणाली, "आत्या, एकेकीला आत कोठीत बोलावते. नियम आहे तसा, एकटीलाच विचारायचं." आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

"एकेकीला आत नेलीस तर तव्यावरच्या भाकऱ्या करपतील," मी म्हणाले. "इथंच सतरंजीवर बसतो रांगेत. आमच्यात काय लपवायचंय?"

शिवलीला क्षणभर घुटमळली. मग बसली. पहिली मी, माझ्यामागं नीलव्वा, मग मैनाबाई, गौराबाई आणि बाकीच्या.

चौदावा प्रश्न आला. "तंबाखू, गुटखा, मिश्री, तपकीर. यांतलं काही?"

मी दारावरच्या पाटीकडं बोट केलं. पाटी माझ्याच हातची, खडूनं लिहून वर रंग मारलेला: तंबाखूचं तोंड घेऊन आत येऊ नये.

"वाच," म्हणाले. "आणि लिही."

शिवलीलानं पाटी वाचली नाही, माझ्याकडं बघितलं. मग मांडीवरच्या पडद्यावर 'नाही'वर बोट टेकवलं. माझ्यामागच्या दहाजणींनी एका सुरात तेच सांगितलं. नीलव्वा तर म्हणाली, "अक्काच्या दारात कोण खातंय गं बाई, जीव द्यायचाय का?"

त्या पाटीमागं माझे मालक आहेत. गुरुलिंग बिराजदार. गालफडात कॅन्सर झाला. शेवटचे चार महिने नळीनं ताक पाजलं. त्यांच्या तेराव्याला मी लेकाचा हात ज्वारीच्या कणगीवर ठेवून तंबाखूला न शिवण्याची शपथ घ्यायला लावली. केंद्रातली एक बाई गुटखा खाताना सापडली, तिला भर दुपारी बाहेर काढली. सगळा गाव मला भितो तो या एका कारणानं, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला सांगू.

---

गोळी लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात मूठ मिटली. पाचव्यात मी काठवटीला हात घातला आणि चार वर्षांनी पहिली भाकरी थापली. हाताखाली पीठ फिरलं तेव्हा डोळे भरून आले, पण बायांसमोर मी ते धुरावर ढकललं. विजेच्या चुलीला धूर नसतो, हे कुणी बोललं नाही.

अकराव्या आठवड्यात नीलव्वाचे डोळे पिवळे झाले.

नीलव्वा माझी लहानपणची. केंद्राची पहिली भाकरी तिनं आणि मी मिळून थापलेली. कावीळ इतकी की लघवी काळ्या चहासारखी. सोलापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सुजलंय, आतून मरतंय.

आणि मग खरा खेळ सुरू झाला. पुण्याहून गाडी आली. मला वाटलं, गोळी तपासायला आली. नाही! त्यांनी आमची ज्वारी तपासायला घेतली. ज्वारीला ओल लागली की बुरशी धरते, त्या बुरशीच्या विषानं लिव्हर जातं म्हणे. कोठीतल्या साठ पोत्यांना सील लावलं. केंद्र बंद. दोन दिवसांत फोनवर निरोप फिरला, चिंचकुंभ्याची भाकरी खाऊ नका.

मी गाडीसमोर उभी राहिले. "गोळी तुमची, कावीळ आमची, आणि चोर आमची ज्वारी? भले!"

नाखरेबाई उतरल्या. चेहरा ओढलेला. "अक्का, नीलव्वाबाईंच्या पट्टीला आम्ही दुप्पट गोळी दिली. पट्टी ठणठणीत आहे. मग बाईंच्या अंगात काय गेलं जे पट्टीत गेलं नाही? ते शोधायचंय."

"उंदरांना विचारा की."

"विचारलं. उंदीरही ठीक आहेत."

"उंदीर काय खातात?"

"एकाच कारखान्याच्या गोळ्या. सगळे एकाच घराण्यातले, एकाच वयाचे, एकाच खोलीतले."

"वा! म्हणजे सासू नाही, सण नाही, उपास नाही, शेजारीण नाही. असा उंदीर माझ्या वतीनं साक्ष देणार?"

बाई तिथंच केंद्राच्या पायरीवर बसल्या. सांगायला लागल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई विकायला आलेली नाही. "उंदराचा फायदा एवढाच की तो अख्खा असतो. पोट, रक्त, मेंदू, सगळं जागेवर. पण तो उंदीर आहे. त्याचं लिव्हर काही औषधं भलत्याच वाटेनं फोडतं. आपल्याला विष ते त्याला पचतं, त्याला विष ते आपल्याला. पट्टी माणसाची आहे, तुमचीच आहे, पण तिला तोंड नाही. तुम्ही काय खाल्लं, काय हुंगलं, किती जागलात, तिला काही कळत नाही. म्हणून शेवटी माणसालाच विचारावं लागतं. माणूस अख्खा पण असतो नि माणूस पण असतो."

"मग अडलं कुठं?"

"माणूस काय सांगतो त्यावर."

त्या हे सहज बोलल्या. माझा हात मात्र कमरेकडं गेला.

मग त्यांनी हातातला पडदा माझ्यासमोर धरला. आमच्या मनगटातली कडी आठवड्याला सुईच्या टोकाएवढं रक्त घेऊन मोजमाप पाठवायची. रेघ चढली की लिव्हर बिघडतंय. अकरापैकी सातजणींच्या रेघा सपाट. चौघींच्या चढलेल्या. नीलव्वा, मैनाबाई, गौराबाई. चौथं नाव माझं.

मला वाचायला वेळ लागतो. ही चार नावं वाचायला लागला नाही. ही यादी मी रोज बघत होते. केंद्रामागं पाण्याची टाकी आहे. सकाळचा पहिला घाणा उतरला की आम्ही चौघी तिच्या सावलीला बसतो, दहा मिनिटं. मी कमरेची डबी काढते. डाव्या तळव्यावर चिमूट, उजव्या हाताचं बोट, आणि मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची नि कुटायची. भाजायचं काम माझं, कारण मला आच कळते. ती मी हिरड्यांना लावत आले, लग्नाआधीपासून. मालकांच्या आजारपणात तर जास्तच. ते गेल्यावर पाटी लावली आणि मनाशी ठरवलं, मिश्री म्हणजे दात घासणं, ते खाणं नव्हे. पण त्यावर माझाच विश्वास असता तर मी टाकीमागं कशाला बसले असते? ओट्यावर बसले असते.

"काही आठवतंय का, अक्का? काढा, जडीबुटी, रानभाजी? चौघींनीच घेतलेलं काही?"

"नाही," मी म्हणाले.

"पुढच्या पहिल्या तारखेला गोळीचा दुसरा टप्पा सुरू होतोय. चार जिल्हे, तीन हजार बायका. मी थांबवा म्हणाले तर वरचे विचारतात, का? पट्ट्या ठीक, उंदीर ठीक, तुमच्या त्या गावात ज्वारी कुजकी असेल. माझ्याकडं 'का'चं उत्तर नाही."

"रक्तात सगळं कळतं ना तुम्हाला?"

"जे शोधलं तेच कळतं. तंबाखूची चाचणी होती, पण 'हो' म्हणणाऱ्यांचीच करायची असं ठरलं होतं."

यावर मी मोठ्यानं हसले असते. एरवी.

---

आमच्या गोळ्या बंद झाल्या. आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मैनाबाई टाकीमागं आली तर तिला हुसकलं. गौराबाईनं नुसतं "अक्का, ते…" म्हटलं, तर मी म्हणाले, "ते ज्वारीचंच आहे." दोघी मान खाली घालून गेल्या. त्यांना कळलं होतं. मला कळलंय हेही कळलं होतं. माझ्या तोंडून निघेपर्यंत त्या बोलणार नव्हत्या, कारण त्यांचं 'नाही' माझ्या 'नाही'च्या मागं उभं होतं.

संशय कसा असतो बघा. मला वाटलं शिवलीला माझ्यावर पाळत ठेवतेय. जेवायला वाढताना माझ्या बोटाकडं बघते. माझं लुगडं स्वतःच धुवायला नेते. एका दुपारी ती ज्वारी निवडत बसली होती, सील नसलेली, घरची. मी समोर बसले नि फाडकन विचारलं, "काय बघतेस गं सारखी?"

तिनं सूप खाली ठेवलं. उठली, आत गेली, आणि माझा कमरेचा बटवा घेऊन आली. आंघोळीला जाताना मी तो गादीखाली ठेवते. तिनं डबी काढून माझ्यासमोर ठेवली. पितळी, झाकणावर मोर.

"सहा वर्षं झाली, आत्या," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्या पंचमीला गादी उन्हात घातली तेव्हापासून माहीत आहे."

"मग त्या दिवशी 'नाही' का लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी सांगितलं म्हणून? तू शिकलेली ना? विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर?"

"या घरात तुम्ही म्हणाल ते लिहायचं असतं," शिवलीला म्हणाली. आवाज चढला नाही. "रांगेत बसवू नका म्हणाले तेही ऐकलं नाहीत. मी नोकरीतली बाई म्हणून आले होते, तुम्ही सून म्हणून बसवलंत. आणि मी बसले. माझीच चूक आहे ती. आठवड्यापूर्वी नीलव्वामावशींना बघून आले. त्यांचं पोट पाण्यानं फुगलंय. तेव्हापासून मी रोज फोन हातात घेते, नाखरेमॅडमना सांगते असं ठरवते, आणि ठेवून देते. सांगितलं तर तुमची पाटी जाते. नाही सांगितलं तर…"

"तर?"

"तीन हजार, आत्या. आणि तिकडंही कुणाची तरी सासू रांगेत पहिली बसेल."

मी डबी उचलली. खरं सांगते, पहिला विचार आला तो चिमूटभर घ्यायचा. मग दुसरा आला, ही पोरगी सहा वर्षं माझं गुपित धुऊन वाळवून घडी घालून ठेवतेय, आणि मी हिला पाळत ठेवणारी म्हणते.

"फोन लाव," म्हणाले. "पण बोलणार मी."

नाखरेबाईंना सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "भाजलेली तंबाखू. काजळी. अक्का, लिव्हरमध्ये औषध फोडणारे कामगार असतात, एकेका जातीचे. जळक्या धुरातलं, काजळीतलं काही अंगात गेलं की त्यातले काही दहापट जागे होतात. आमची गोळी सावकाश फुटावी असं गणित होतं. तुमच्यात ती भसाभस फुटत असेल आणि एखादा तुकडा विषारी निघत असेल."

"असेल?"

"असेल. सिद्ध करावं लागेल."

"मग माझी पट्टी घ्या. मी येते. डबी घेऊन."

---

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत बुटांवर पिशव्या चढवायला लावल्या. माझ्या लिव्हरच्या आठ पट्ट्या होत्या. चार काढल्या. एकीला नुसतं सलाईन, एकीला माझ्या मिश्रीचं गाळलेलं पाणी, एकीला नुसती गोळी, एकीला दोन्ही.

"थांबा," मी म्हणाले. "कुठली कशातली हे तुम्हाला माहीत असणार?"

"हो, मग?"

"मग तुमचे डोळे तुम्हाला हवं तेच बघतील. मी तुमच्यावर का विश्वास ठेवू? नावं नकोत. मिसळणार मी."

तिथली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. नाखरेबाईंना मात्र मनापासून हसू आलं. "अक्का, यालाच आंधळी चाचणी म्हणतात. आम्ही करतोच. पण तुम्ही करा."

चार बाटल्या घेऊन मी एकटी पलीकडच्या खोलीत गेले. अक्षरांचा कंटाळा, म्हणून चित्रं काढली: सूर्य, मिरची, विळा, मोर. कुठल्यात काय, ते एका कागदावर काढून कागद चोळीत खोचला. काय कुठं हे पुण्यात एका जिवाला ठाऊक नव्हतं, माझ्याशिवाय.

तीन दिवस पट्ट्यांना पाणी पाजलं, कामगार जागे व्हायला वेळ लागतो म्हणून. चौथ्या दिवशी गोळी, ज्या दोघींना द्यायची त्यांनाच, तीही माझ्या चित्रांच्या बाटल्यांतून. सहाव्या दिवशी मोठ्या पडद्यासमोर मला खुर्ची दिली. शिवलीला मागं उभी.

जिवंत पेशी हिरव्या दिसतात, असा रंग घातलेला. सूर्य हिरवागार. मिरची हिरवी, जरा फुगीर. विळा हिरवा. ज्वारीचं शेत वरून बघावं तसं.

मग मोर लावला.

आधी मला वाटलं पडदा बिघडला. मध्ये मध्ये हिरवं होतं, बाकी काळं. बघता बघता एक ठिपका विझला, मग शेजारचा. आवाज नाही, काही नाही. पाखरं उतरलेल्या शेतासारखं. माझ्याच दंडातून काढलेलं, माझंच. मी ते हिरड्यांवरून पोटात घालत होते आणि माझ्या आत, जिथं मला दिसत नव्हतं तिथं, हेच चाललं होतं. नीलव्वाच्या आत तर संपतच आलं होतं.

"मोरात काय होतं, अक्का?" नाखरेबाईंनी विचारलं.

मी चोळीतून कागद काढला. द्यायची गरज नव्हती, पण रीत म्हणून दिला. तो त्यांनी उघडून सगळ्यांना दाखवला. मोरात मिश्री नि गोळी, दोन्ही.

मग मी विचारलं, "पट्टी म्हणाली म्हणजे झालं का?"

"नाही. चार पट्ट्या, एक बाई. आणखी बायकांच्या पट्ट्यांवर करू, पण पट्टीला आपण जे पाजू तेच ती सांगणार. उद्या आणखी काही निघेल, जे आपल्याला पाजायचं सुचलंच नाही. टप्पा मी थांबवते, एवढं तर आता दाखवता येईल. पण पुढं जायचं तर माणसांनाच विचारावं लागणार. पहिल्यापासून. नीट." त्या शिवलीलाकडं वळल्या. "एकेकीला विचारलं होतं ना?"

शिवलीलानं तोंड उघडलं. मी आधी बोलले. "रांगेत. मी बसवलं."

"मीही बसले," शिवलीला म्हणाली. "अहवालात दोघींची नावं लिहा, मॅडम."

माझ्या शब्दावर शब्द टाकलेला मला चालत नाही. त्या दिवशी चालला.

---

टप्पा थांबला. ज्वारीचं सील निघालं. तिचा अहवाल स्वच्छ आला, पण तो निरोप कुणी फोनवर फिरवला नाही. नीलव्वा सात आठवड्यांनी घरी आली, लाकडासारखी वाळलेली. तिचं लिव्हर अर्धं राहिलंय. वाढतं म्हणतात, वेळ लागेल. माझी बोटं पुन्हा वळली. मिश्री सुटून सहा महिने झाले आणि पट्टी, रक्त, सगळं ठीक निघालं तर पुन्हा गोळीचा विचार करू म्हणतात. आज मला मिश्री सुटून एकतीस दिवस झाले. हिरड्या ठणकतात. चिडचिड होते, पण माझी चिडचिड वेगळी ओळखू येत नाही, असं सून म्हणते.

पाटी मी काढली नाही. बायांना एकत्र बसवलं, पाटीखाली उभी राहिले आणि सांगितलं, ही लिहिणारी टाकीमागं बसत होती. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कागद पुन्हा भरायच्या दिवशी, या वेळी केंद्रातल्या सगळ्याजणींचे, शिवलीला आली. सरळ कोठीत गेली, ज्वारीची पोती सरकवून दोन खुर्च्या मांडल्या आणि दारात उभी राहिली.

"पहिली मीच येते," मी म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांना धीर येईल."

"नाही, आत्या. तुम्ही शेवटी. आणि तोवर केंद्रात थांबू नका."

"का? मी काय खाते का कुणाला?"

"हो," ती म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी अशी बोलली असती तर माहेरची वाट दाखवली असती. मी पदर सावरला आणि बाहेर पडले. कुठं जायचं कळेना, म्हणून टाकीमागं गेले.

नीलव्वा तिथंच होती, काठी टेकून. सावली तीच, आम्ही दोघीच.

"डबी कुठाय गं?" तिनं विचारलं.

"पुण्यात. माझ्या पट्टीशेजारी कपाटात. पुरावा म्हणून ठेवून घेतली."

"मोराची होती. चांगली होती."

"गप बस."

कोठीचं दार उघडायचं, लागायचं. एकेक बाई आत जायची आणि बाहेर यायची. मैनाबाई आली ती डोळे पुसतच. गौराबाई आली. मग एक तरणी पोरगी आली, विशीची, जिच्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. मला बघितल्यावर तिनं पटकन उजव्या हाताचं काळवंडलेलं बोट मुठीत दडवलं आणि निघून गेली. माझ्या तोंडावर तिचं नाव आलं होतं. हाक मारायची म्हणून श्वासही घेतला होता. तो तसाच सोडला.

शेवटी मी आत गेले. दार लागलं. शिवलीलानं तेच प्रश्न त्याच सुरात विचारले, जणू मी कुणी परकी. चौदाव्याला ती थांबली नाही, की वर बघितलं नाही. मी सांगितलं. कधीपासून, किती वेळा, कोण भाजायचं, सगळं. तिनं सगळं लिहिलं.

उठताना मी बघितलं, तिच्या मांडीवरच्या पडद्यावर भरलेले कागद होते. सव्वीस जणींचे. एकदा मान वाकडी केली असती तर दिसलं असतं, टाकीमागं चौघीच होत्या की सबंध केंद्रच कुठं ना कुठं कशाच्या तरी मागं बसत होतं. माझ्या आयुष्यात मी एवढी उत्सुक कधी झाले नव्हते.

"किती निघाल्या?" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. शिवलीलानं ते ओळखलं असणार. ती वाट बघत होती.

"भाकऱ्या करपतील," मी म्हणाले, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.